मोंबासा पाहायचे तर

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, केनिया देशात, मोंबासा नावाचे एक जुने बंदर आहे. मुंबईपासून समुद्रमार्गे चार-साडेचार हजार किलोमीटर. आपल्यापैकी फार थोड्यांना तिथे जाण्याचा योग येईल हे मी जाणतो. तरीही आज मी या गावाची वाट सांगायला बसलो आहे. गावी येणाऱ्या पाहुण्याला एखादा जाणता माणूस सांगतो ना, की बाबा रे, आधी इकडून जा, मग तिकडे वळ, अमुक चुकवू नकोस, तशी.

ही वाट माझी नव्हे. काही वर्षांपूर्वी मी मोंबासाला गेलो, तेव्हा तिथल्या जुन्या वस्तीतल्या एका वृद्ध गृहस्थांनी मला ती दाखवली. उभा जन्म शाळामास्तरकी केलेले ते गृहस्थ स्वाहिली मुसलमान. तिकडे वडीलधाऱ्या माणसाला आदराने ‘म्झे’ म्हणतात, आणि शिक्षकाला ‘म्वालिमु’. मी त्यांना म्झे म्हणे, ते मला म्वालिमु म्हणत. आम्हा दोघांचाही पेशा एकच, त्यामुळे ओळख व्हायला वेळ लागला नाही.

ओळख व्हायला नाही, पण भेट व्हायला मात्र लागला! त्याचे असे झाले. त्यांनी निरोप पाठवला की उद्या ‘सा म्बिली’, म्हणजे दोन वाजता, घरी या. मी दुपारी बरोबर दोनच्या ठोक्याला त्यांच्या दारात उभा. म्झे पायरीवर बसलेले. हसून म्हणाले, “म्वालिमु, तुमची वाट बघून सकाळची न्याहारीसुद्धा गार झाली!” मौज अशी की स्वाहिली माणसाचा दिवस सूर्य उगवला की सुरू होतो. विषुववृत्ताजवळचा मुलूख, त्यामुळे बारा महिने सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. सात वाजले की त्यांचा एक वाजतो, आठ वाजले की दोन. मी ओशाळलो. ओशाळण्याचे कारण वेगळेच होते. आपल्या पंचांगातली घटिकासुद्धा सूर्योदयापासूनच मोजतात, हे मी वर्गात मुलांना शिकवतो. आणि तिथे माझ्या लक्षात आले नाही! तेव्हा मोंबासाला जाणाऱ्याने ही पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी. वेळ ठरवताना कोणते घड्याळ, ते विचारून घ्यावे.

मी त्यांना म्हटले, “म्झे, मला आधी किल्ला दाखवा. फोर्ट जीझस.” जो तो पाहुणा हेच म्हणतो. त्यांनी मान हलवली. “पाहुणा आधी घरात येतो. तुरुंग बघायला आधी कोणी जातं का?” किल्ल्याला त्यांनी शब्द वापरला तो ‘गेरेझा’. स्वाहिलीत गेरेझा म्हणजे तुरुंग. हा शब्द मुळात पोर्तुगिजांचा, त्यांच्या भाषेतल्या देवळाच्या नावावरून आलेला. आपल्या गोव्याकडे ख्रिस्ती देवळाला इगर्ज म्हणतात, ती हीच. एकच शब्द एका होडीतून दोन किनाऱ्यांवर उतरला. इकडे त्याचा अर्थ देऊळ राहिला, तिकडे तो तुरुंग झाला. पोर्तुगीज किल्ल्याच्या आत देऊळ होते, आणि पुढे तिथेच माणसे कोंडली गेली, हे कारण. मोंबासाचा अर्धा इतिहास त्या एका शब्दात आहे असे मला तेव्हापासून वाटते.

असो. तर आधी बंदर आणि गल्ल्या.

मोंबासा हे बेट आहे. मुख्य भूमीत शिरलेल्या खाडीच्या दोन फाट्यांनी त्याला दोन्ही बाजूंनी कवेत घेतले आहे. पूर्वेकडच्या फाट्यावर जुने बंदर. पश्चिमेकडे किलिंदिनी, म्हणजे ‘खोल पाण्याची जागा’. आजची मोठी जहाजे किलिंदिनीला लागतात. म्झे मला घेऊन गेले ते जुन्या बंदरावर. तिथे आता चार-दोन गलबते असतात, मासळीचा बाजार भरतो. पण या बंदरात पंधराशे-सोळाशे वर्षांपूर्वीच्या नव्हे, तरी निदान सातशे वर्षांपूर्वीच्या व्यापाराच्या लेखी खुणा सापडतात. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी 1331 साली इथे येऊन गेला. त्याने लिहून ठेवले आहे की इथले लोक धार्मिक, मशिदी लाकडाच्या पण सुबक, खाणे केळी आणि मासे. धान्य मुख्य भूमीवरून येते.

हा सगळा खेळ वाऱ्याचा. आपल्या कोकणातल्या खलाशाला हे सांगायला नको. डिसेंबर ते मार्च ईशान्येचा वारा, त्याला तिकडे ‘कास्काझी’ म्हणतात. तो शिडात भरून अरबस्तानची आणि आपल्या पश्चिम किनाऱ्याची गलबते खाली यायची. एप्रिलनंतर वारा फिरतो, नैर्ऋत्येचा होतो, तो ‘कुसी’, त्यावर परत. मधले महिने व्यापाऱ्याने काय करायचे? तिथेच राहायचे. कुणी घर करी, कुणी लग्न करी. म्हणून या किनाऱ्यावरची भाषा, स्वाहिली, मुळात आफ्रिकेतल्या बांटू कुळातली, पण अरबी शब्दांनी भरलेली. खबर त्यांची ‘हबारी’, कलम त्यांचे ‘कलामु’, वक्त त्यांचा ‘वकाती’. हे शब्द आपल्याकडेही त्याच अरबीतून फारसीच्या वाटेने आले. आपल्या देशाचा रुपया आणि पैसा तिकडे 1920 पर्यंत चलनात होता. रुपया गेला, पण पैसा राहिला: स्वाहिलीत पैशाला आजही ‘पेसा’च म्हणतात. शिक्षकबंधूंनी वर्गात ही यादी मुलांपुढे ठेवून पाहावी, तास रंगतो.

बंदरामागच्या जुन्या वस्तीत गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून हातगाडी आली तर भिंतीला चिकटावे लागते. घरे प्रवाळाच्या दगडाची आणि चुन्याची; वर लाकडी सज्जे; आणि दारे मात्र पाहत राहावीत अशी. चौकटीवर वेलबुट्टी, कुठे साखळीची नक्षी. कोरीवकामात अरबी हातही दिसतो आणि गुजराती हातही. म्झेंचा सल्ला असा: दाराचे चित्र काढायचे तर आधी घरच्यांना सलाम करा, विचारा. मशिदीपाशी पायताण काढा. वडीलधारा भेटला तर ‘शिकामू’ म्हणा; तो ‘मराहाबा’ म्हणेल, की तुम्ही पाहुण्याचे घरचे झालात. वस्तीत मंद्री मशीद आहे, पांढऱ्या मिनाराची. ती 1570 च्या सुमाराची मानतात. म्हणजे किल्ल्याहूनही जुनी. “हे गाव किल्ल्याभोवती वसलेलं नाही,” म्झे म्हणाले, “गाव आधी होतं, किल्ला त्याच्या मानेवर येऊन बसला.”

दिवेलागणीला कोळशावरची पितळी भांडी घेऊन कॉफीवाले येतात. इवल्याशा पेल्यात कडू काळी कॉफी, सोबत नारळाच्या वडीसारखी ‘काशाता’. सकाळी न्याहारीला ‘म्बाझी’, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेले तुरीचे दाणे, आणि गोडसर तळलेले ‘महाम्री’. मोठ्या खाणावळीत जाऊन हे मिळत नाही. रस्त्यावर बसावे, स्वस्तात पोट भरते. बिआशारा रस्त्यावर बायकांची लुगडी मिळतात, त्यांना ‘लेसो’ किंवा ‘कांगा’ म्हणतात. त्यांच्या काठावर एक म्हण छापलेली असते. सासू-सुनेला, सवतीला, शेजारणीला जे तोंडावर बोलता येत नाही ते लुगडे बोलते! घेण्याआधी अर्थ विचारून घ्यावा. मी न विचारता एक उचलले होते, म्झेंनी ते परत ठेवायला लावले. अर्थ काय होता ते मात्र अखेरपर्यंत सांगितले नाही.

आता किल्ल्याकडे. पण त्याआधी थोडा इतिहास सांगितला पाहिजे.

मोंबासाचे स्वाहिली नाव ‘म्विता’. ‘विता’ म्हणजे युद्ध. नाव सार्थ आहे. 1498 च्या एप्रिलात वास्को द गामा इथे आला. इथे त्याचे जमले नाही, झटापट झाली, म्हणून तो पुढे मालिंदीला गेला; मालिंदीचे मोंबासाशी वैर होते. तिथून त्याला वाटाड्या मिळाला आणि मे महिन्यात तो कालिकतच्या किनाऱ्याला लागला. आपल्या शाळेच्या पुस्तकात ‘हिंदुस्थानचा जलमार्ग शोधला’ असे असते ना, तो शोध असा: मार्ग ठाऊक असलेला माणूस मालिंदीत होता, तो बरोबर घेतला. पुढे 1505 मध्ये आल्मेदाने मोंबासा लुटून जाळले. आल्मेदा म्हणजे पोर्तुगिजांचा हिंदुस्थानातला पहिला व्हाइसरॉय. इकडे येताना वाटेत हे काम करून आला. 1528 मध्ये नूनो द कुन्हाने पुन्हा जाळले. दर वेळी लोक परतले, घरे बांधली.

शेवटी पोर्तुगिजांनी 1593 मध्ये किल्ला घातला. आराखडा जुवाँव बातिस्ता कायरातो याचा. हा मूळचा मिलानचा, इटालियन. पोर्तुगिजांच्या पूर्वेकडच्या राज्याचा मुख्य स्थपती म्हणून काम करणारा. गवंडी गोव्याहून नेलेले. मोंबासाच्या प्रवाळी खडकावर गोव्याच्या गवंड्याने छिन्नी चालवली. त्या माणसांची नावे कुठल्या शिलालेखावर नाहीत. दरवाजावर जो लेख आहे तो 1635 चा, आणि त्यात एका कप्तानाने आपले वय, आपले पराक्रम आणि आपण केलेली डागडुजी लिहून ठेवली आहे.

किल्ल्याची आखणी वरून पाहिली तर हातपाय पसरलेल्या माणसासारखी. मनुष्यदेहाच्या प्रमाणात सौंदर्य असते, अशी त्या काळच्या युरोपातली कल्पना. आत शिरल्यावर म्झे मला तोफांकडे नेईनात. एका भिंतीवरची चित्रे दाखवायला नेले. पोर्तुगीज शिपायांनी कोळशाने आणि गेरूने काढलेली: जहाजे, माणसे, देवळे. पहाऱ्यावर कंटाळलेल्या माणसाने आठवणीतून काढावीत तशी. ती जपून ठेवली आहेत. पाहायलाच हवीत.

याच किल्ल्यात घडलेली एक गोष्ट म्झेंनी मला तटावर बसून सांगितली, आणि ती इतिहासात नीट नोंदलेली आहे. मोंबासाच्या सुलतानाला, हसनला, 1614 मध्ये पोर्तुगिजांच्या कारस्थानाने मारले गेले. त्याचा लहान मुलगा यूसुफ. त्याला गोव्याला नेले, आगुस्तीन पंथाच्या पाद्र्यांनी वाढवले, बाप्तिस्मा देऊन ‘दों जेरोनिमो’ नाव ठेवले. पोरगा शिकला, पोर्तुगीज आरमारात चाकरी केली. 1626 मध्ये त्याला मोंबासाच्या गादीवर आणून बसवले. पोर्तुगिजांना वाटले, आता आपला माणूस झाला. पण तो रात्री वडिलांच्या कबरीपाशी जाऊन मुसलमानी रीतीने प्रार्थना करतो, अशी कुणीतरी चुगली केली. गोव्याला नेऊन चौकशी होणार हे त्याला कळले. 1631 च्या ऑगस्टमध्ये तो भेटीच्या निमित्ताने किल्ल्यात आला, आणि कप्तानाला स्वतःच्या हाताने भोसकले. मग गावातल्या ख्रिस्ती लोकांची कत्तल झाली, त्यात बायकापोरेही सुटली नाहीत. गोव्याहून आलेले आरमार त्याने परतवले. पण पुन्हा ते येणार हे ओळखून 1632 मध्ये तो किल्ल्याची मोडतोड करून जहाजाने निघून गेला.

मी विचारले, “म्झे, तुम्ही त्याला वीर म्हणता की खुनी?” ते बराच वेळ समुद्राकडे बघत राहिले. म्हणाले, “मी शाळेत असताना दोन्ही शिकवलं आहे. इंग्रजांच्या पुस्तकात एक होतं, स्वातंत्र्यानंतरच्या पुस्तकात दुसरं. मुलं मात्र एकच विचारायची: त्याची आई कुठे होती?” याचे उत्तर माझ्याही पुस्तकात नव्हते.

आता आपल्या जवळची गोष्ट. 13 मार्च 1696 रोजी ओमानच्या अरबांनी किल्ल्याला वेढा घातला. तो 33 महिने चालला. आत पोर्तुगीज होते, हिंदी शिपाई होते, पोर्तुगिजांशी एकनिष्ठ राहिलेले स्वाहिली होते. रोगराईने माणसे पटापट मेली. 1697 च्या ऑगस्टात कप्तानही गेला, तेव्हा फाझा गावचा शेख दाऊद, त्याचे नातलग, काही आफ्रिकी पुरुष आणि पन्नासेक आफ्रिकी बायका यांनी किल्ला लढवला. पोर्तुगिजांचा किल्ला, आणि तो धरून ठेवणारात पोर्तुगीज असे उरलेच नाहीत!

त्यांच्या मदतीला गोव्याहून जी जहाजे आली त्यांत ‘सांतो अंतोनियो द तन्ना’ नावाचे मोठे लढाऊ गलबत होते. तन्ना म्हणजे आपले ठाणे. आणि हे गलबत बांधले गेले होते वसईला, 1681 मध्ये, आपल्याकडच्या सागवानाचे. 1696 च्या नाताळात ते एकदा मोंबासाला पोचले, पुढे मोझांबिकला गेले, आणि 1697 च्या सप्टेंबरात पुन्हा माणसे घेऊन आले. ऑक्टोबरात ते किल्ल्यासमोरच बुडाले. नांगराचे दोर तुटून ते खडकाळ उथळात गेले, सुकाणू निखळले; नंतर तटाखालीच त्याला जलसमाधी मिळाली.

वेढा पुढे वर्षभर चालला. 13 डिसेंबर 1698 ला अरब आत घुसले, तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे उरली होती. त्यानंतर आठवडाभरातच गोव्याचे नवे आरमार बाहेर येऊन पोचले. किल्ल्यावर ओमानचे निशाण बघून ते परतले.

ते वसईचे गलबत पावणेतीनशे वर्षे चिखलात पडून होते. 1977 ते 1980 या काळात पाणबुड्या पुरातत्त्वज्ञांनी त्याचे उत्खनन केले. चिनी मातीची भांडी, हिंदी बनावटीची मडकी, दारूच्या कुप्या, दोरखंड, जपमाळेचे मणी, असे कितीतरी वर आले. त्यातले पुष्कळसे किल्ल्यातल्या संग्रहालयात मांडले आहे. सागवानी सांगाड्याचा तळ मात्र मोजमापे घेऊन तिथेच झाकून ठेवला. काचेच्या कपाटातल्या त्या मडक्यांसमोर मी उभा राहिलो आणि मला वसईच्या खाडीवरचे सुतार दिसू लागले. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली तो पराक्रम आपण अभिमानाने सांगतो, सांगावाच. पण त्याआधी त्याच वसईत आपल्याच माणसांच्या हातांनी बांधलेली जहाजे दुसऱ्याच्या गावावर तोफा डागायला जात होती, हेही त्या कपाटात दिसते. ते बघून मी गप्प झालो. म्झेंनीही काही विचारले नाही.

पुढचा इतिहास धावता सांगतो. ओमानच्या नावाने कारभार करणारे मझरुई घराणे 1741 च्या सुमारास स्वतंत्र झाले. 1837 मध्ये झांझिबारच्या सय्यद सईदने त्यांचा पाडाव केला. 1895 मध्ये इंग्रज आले आणि त्यांनी किल्ल्याचा तुरुंग केला. तो 1958 पर्यंत तुरुंगच होता. म्झेंच्या तोंडी ‘गेरेझा’ होते ते म्हणून; लहानपणी त्यांनी तो तसाच पाहिला होता. 2011 मध्ये किल्ल्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. इंग्रजांची 1896 मध्ये इथूनच सुरू झालेली आगगाडी तर सर्वांना माहीत आहे. 1901 मध्ये ती व्हिक्टोरिया सरोवराला पोचली. तिच्यासाठी हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, सुमारे 32,000 मजूर नेले. त्यांतले 2,500 च्या आसपास मेले, मैलामागे चार. मोंबासातली मोठी हिंदी वस्ती मात्र केवळ त्यांच्यामुळे झाली असे समजू नये. गुजराती व्यापारी त्याच्या फार आधीपासूनचे.

निघण्याच्या दिवशी म्झे म्हणाले, “म्वालिमु, तुमचा जिल्हा कोणता?” मी म्हटले, नाशिक. ते ताडकन उठले. “मग फ्रेअरटाउन बघितल्याशिवाय कसे जाता?”

ही गोष्ट मला, नाशिकच्या माणसाला, मोंबासात जाऊन कळावी! एकोणिसाव्या शतकात अरबी समुद्रात गुलामांची गलबते इंग्रज आरमार पकडत असे. सोडवलेली आफ्रिकी मुले मुंबईला उतरवली जात. त्यांतली कितीतरी नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनमध्ये आणली गेली. तिथे त्यांना अक्षरओळख, सुतारकी, लोहारकी शिकवत. ती मुले नाशिकच्या बाजारात काय भाषा बोलत असतील, गोदावरीचा पूर बघून त्यांना काय आठवत असेल? आईबापांचे गाव बहुतेकांना नीट आठवतही नव्हते. शरणपुरात शिकलेला जेकब वेनराइट पुढे लिव्हिंगस्टनच्या पथकात होता. लिव्हिंगस्टनचे शव आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत तो होता, आणि 1874 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमधल्या दफनालाही.

1864 मध्ये नाशिकचे काही तरुण मोंबासाच्या मिशनवर गेले. नंतर सर बार्टल फ्रेअरच्या सल्ल्याने मोंबासासमोरच्या किनाऱ्यावर मुक्त गुलामांसाठी गाव वसवायचे ठरले. हा फ्रेअर आधी मुंबईचा गव्हर्नर होता. गाव वसवायला पाठवलेला पाद्री प्राइस, तो आधी शरणपूर चालवीत असे. 1875 च्या सुमारास दीडशेच्या आसपास माणसे आपल्याकडून तिकडे गेली. तिकडच्या लोकांनी त्यांना नाव दिले ‘बाँबे आफ्रिकन’. इकडे ती आफ्रिकी होती, तिकडे मुंबईची झाली. त्यांतले अनेक शिक्षक झाले, दुभाषे झाले.

बेटावरून न्याली पुलाने पलीकडे गेले की फ्रेअरटाउन लागते. भाड्याच्या लहान मोटारी तिकडे जातात, त्यांना ‘मटाटू’ म्हणतात. चौकात एक जुनी घंटा उभी आहे. गुलामांची गलबते दिसली की गावाला सावध करायला ती वाजवत. घंटेला स्वाहिलीत ‘केंगेले’, म्हणून त्या थांब्याचे नाव ‘केंगेलेनी’. म्झेंनी मला तिथे उतरवले आणि आपण सावलीत उभे राहिले. मटाटूच्या दारात लोंबकळणारा पोरगा पुढच्या फेरीची गिऱ्हाइके गोळा करीत ओरडत होता. घंटेखाली शाळेतली मुले उभी होती, दप्तरे पाठीला. त्यांतल्या एकाने म्झेंना पाहिले, धावत आला, मान झुकवून म्हणाला, “शिकामू, म्वालिमु.”

“मराहाबा,” म्झे म्हणाले, आणि माझ्याकडे बोट करून त्याला सांगितले, “हे नाशिकचे.”